पंचेचाळीस मिनिटे

१२ ऑगस्ट

धाकट्या बंधूंस,

हे पत्र खुशाली विचारण्याकरिता लिहिलेले नाही, हे आरंभीच नमूद करतो. नऊ वर्षांत मी आपल्याला एक अक्षर लिहिले नाही आणि आजही लिहिले नसते. परंतु सूनबाईने सकाळीच माझ्यापुढे कागद, पेन व पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार बाहेरून ओढून घेतले. "पत्र झाल्याशिवाय चहा नाही, बाबा," असे तिचे शब्द आहेत. सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यास कोंडून ठेवणारी सून मी अन्यत्र पाहिलेली नाही.

प्रकरण व्यवहाराचे आहे. सूनबाईने नौका बांधावयास टाकली आहे. चोपन्न फुटी आहे, पंधरा दिवस बाहेर राहू शकेल अशी. परवाना तिच्या नावावर आहे. वायरलेसची परीक्षाही तिने दिली. लोकांनी विचारले, नवरा समुद्राने नेला तरी तिकडेच तोंड कशाला? ती म्हणाली, "त्यानं माझा नवरा नेला. आता मी त्याच्या उरावर बसून कमावणार." 

प्रश्न असा की, केबिनमध्ये यंत्रे कोणती बसवावीत. नकाशा दाखवणारा प्लॉटर, खोली व मासे दाखवणारा साउंडर, रडार, वायरलेस, शिवाय आणखी काही डबे. चार कंपन्यांची रंगीत पुस्तके आमच्या चटईवर पसरली आहेत आणि चारही पुस्तकांत एकच गोरा मनुष्य तोच मासा धरून हसत आहे. माझे मत स्पष्ट आहे. शिसाचा ओळंबा असावा, त्याच्या बुडाला चरबी लावावी. तळाची वाळू चिकटली की चिखल, ते पाहून मी आयुष्यभर जागा ओळखली. हे बोललो तर सूनबाई म्हणाली, "डोळ्यांचं ऑपरेशन झालंय तुमचं. ओळंबा ठेवा उशाशी. मला यंत्र पाहिजे, आणि कोणतं घ्यायचं ते काका सांगतील."

आपण परगावच्या बंदरात नौकांची यंत्रे दुरुस्त करता, असे कानावर आहे. दहावी झालेल्या माणसास ते साधणारच. मी चौथी पास. परंतु ती त्या काळची चौथी होती. आणि मी शाळा सोडली म्हणून कोणाची दहावी झाली, हे येथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

एक खुलासा. ही विचारणा म्हणजे समेट नव्हे. आमची नौका पाण्याखाली जात होती तेव्हा आपण मधल्या खडकापाशी जाळे टाकून होता. आमच्यापासून नऊ मैल. आपल्या इंजिनास सव्वा तासाचा रस्ता. मी स्वतः वायरलेसवर जागेचा आकडा सांगितला. आपला पुतण्या पिंपाला धरून चार तास टिकला होता. आपण आला नाहीत. मी काही विसरलेलो नाही.

यंत्रांची यादी पाठवावी. अन्य मजकूर नको.

आपला,
ज्येष्ठ बंधू

२ सप्टेंबर

धाकट्या बंधूंस,

तुमचे पत्र मिळाले. सूनबाईचे म्हणणे पडले की 'आपण' लिहिले म्हणजे घरी सरकारी नोटीस आल्यासारखे वाटते. सबब यापुढे 'तुम्ही' लिहीन. याचा अन्य अर्थ काढू नये.

तुम्ही अन्य मजकूर लिहिला नाही, हे बरे केले. बारा ओळी, सात मुद्दे. मात्र पहिला मुद्दा वाचून मी थक्क झालो. त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. "यंत्र कोणतेही घ्या. परंतु नौकेवरच्या सर्व यंत्रांवर, हातात धरायच्या छोट्या यंत्रावरसुद्धा, जागेचे अंश आणि मिनिटे दाखवण्याची पद्धत एकच ठेवा. ते आधी तपासा, बाकी सगळे नंतर." मी पन्नास वर्षे समुद्रावर काढली, आणि मला मिनिटे शिकवता? मी पत्र घडी घालून ठेवून दिले. सूनबाईने ते उघडून परत वाचले आणि बराच वेळ त्या दोन रेघांवर बोट ठेवून बसली. मी विचारले, "काय झाले?" तर "काही नाही, अक्षर छान आहे काकांचं," म्हणाली. तुमचे अक्षर कधीही छान नव्हते.

तुमच्या यादीप्रमाणे आम्ही दुकानात गेलो. दुकानदारास बंदरावर सगळे 'वॉरंटी' म्हणतात, कारण तो नमस्कारासही वॉरंटी देतो. त्याने आम्हांस मोठा काचेचा प्लॉटर दाखवला. बोटाने पुसला की नकाशा सरकतो. मी त्याच्या टेबलावरील पेल्यात पंजा बुडवला आणि ओला हात काचेवर ठेवला. नकाशा नाहीसा झाला आणि भाषा निवडण्याचे पान उघडले.

"आजोबा, हात कोरडा पाहिजे ना!" वॉरंटी म्हणाला.

"आमच्या धंद्यात कोरडा हात कोणाचा असतो?" मी विचारले.

सूनबाई एवढी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. सबब बटनांचा प्लॉटर ठरला. साउंडर तुम्ही लिहिला तसा, खोल पाण्याकरिता संथ कंपनाचा आणि उथळाकरिता वेगळ्या कंपनाचा. त्याने दुकानातल्या नमुन्यावर खडकाळ तळाचे चित्र लावून दाखवले. भाऊ, काय सांगावे! जो तळ मी चरबीला चिकटलेल्या दोन कणांवरून ओळखत असे, तो सबंध समोर उभा होता, त्याचे दात, त्याच्या फटी, आणि फटींवर लटकलेले मासे. आयुष्यभर दाराच्या फटीतून एखादे घर पाहावे आणि म्हातारपणी कोणी दारच उघडावे, तसे वाटले.

शेवटी त्याने एक पिवळा डबा दाखवला. नौका बुडाली की तो आपला आपण सुटतो आणि आकाशातल्या उपग्रहाला बुडाल्याची जागा कळवतो. कोणी काही बोलावे लागत नाही.

"चुकतो का?" मी विचारले.

"हा नाही चुकत. चुकतं ते माणूस. ह्याची वॉरंटी आहे."

सूनबाई म्हणाली, "हा सगळ्यात आधी बांधा."

निघताना वॉरंटी म्हणाला, जुन्या नौकेवरचे एखादे यंत्र असेल तर आणा. तुमच्या माशांच्या सगळ्या जागा तारेने नव्यात उतरवून देतो. ते हाती धरायचे, जागा दाखवणारे यंत्र माझ्याजवळ आहे. नौका बुडाली त्या दिवशी ते माझ्या गळ्यात होते. नऊ वर्षे पत्र्याच्या डब्यात ठेवले आहे. सूनबाई तत्काळ म्हणाली, "ते बिघडलंय. फेकून द्या ते." मी म्हणालो, माझ्या चाळीस जागा त्यात आहेत, आणि माझी वस्तू बिघडलेली नसते. ती माझ्याआधी दुकानातून उतरून चालू लागली. स्त्रियांचे मन कळणे कठीण.

पुढच्या पत्री यंत्रे बसल्याचे कळवीन.

ज्येष्ठ बंधू

१९ सप्टेंबर

पंचेचाळीस मिनिटे नव्हती.

हे एक वाक्य लिहून मी किती वेळ बसलो आहे ते सांगता येत नाही. मायना लिहिण्याचे राहिले. क्षमा असावी. जे घडले ते क्रमाने लिहितो.

आज दुपारी नव्या नौकेच्या केबिनमध्ये होतो. रंग अजून ओला आहे. वॉरंटीने माझ्या जुन्या यंत्रात नवे सेल घातले. ते लागले. नऊ वर्षांनी त्याने एकदा चिवचिव केली आणि पडदा उजळला. मी सूनबाईकडे अभिमानाने पाहिले. तिचे लक्ष माझ्याकडे नव्हते, दाराकडे होते.

त्याने तार जोडली. माझ्या जागा एकेक नव्या पडद्यावर उमटू लागल्या. शेवटी एक उरली.

"हा कसला पॉइंट, आजोबा? नाव नाही दिलेलं. सकाळी नऊ छप्पन."

मी म्हणालो, "तेथे आमची नौका बुडाली."

त्याने बटणावरचे बोट उचलले. मी खिशातून वही काढली. त्या दिवशी मी वायरलेसवर जो आकडा बोललो तो मी त्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवला होता, खाली सही करून. तुमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून. मच्छीमार सोसायटीच्या चौकशीतही हीच वही दाखवली होती. मी म्हणालो, "पडताळून पाहा. मला पाठ आहे. पंचेचाळीस मिनिटे आणि तीस मिनिटे."

त्याने नव्या पडद्याकडे पाहिले. "नाही हो. सत्तावीस आणि अठरा."

"यंत्र बिघडलेले असेल."

"यंत्र बरोबर आहे. तुमचं जुनं यंत्र मिनिटं दाखवतच नव्हतं, आजोबा. नुसते अंश दाखवत होतं. हे टिंब आहे ना, त्याच्या पुढचे पंचेचाळीस म्हणजे शंभरातले पंचेचाळीस. अंशाला मिनिटं साठ असतात. मग सत्तावीस होतात. दुकानातून असंच लावून आलं असणार, कोणी बदललंच नाही."

सूनबाई म्हणाली, "तार काढ. बाकीचं उद्या."

मी म्हणालो, "कोणी हात लावू नका. मी सांगितलेली जागाही दाखव."

त्याने माझा बोललेला आकडा घातला. पडद्यावर दोन फुल्या आल्या. एक आमची. एक मी सांगितलेली. दोहोंच्या मध्ये, जवळजवळ सरळ रेषेत, मधला खडक. त्याने अंतर मोजले. आमच्या फुलीपासून खडक नऊ मैल. खडकापासून दुसरी फुली बारा मैल, उलट दिशेला.

दशांश अपूर्णांक पाचवीला असतात. मी चौथीत शाळा सोडली.

पाच वर्षे मी ते यंत्र वापरले ते केवळ बाणापुरते. बाण दाखवील तिकडे सुकाणू वळवावे, जागा आली की बटण दाबून ठेवावे. आकडा मोठ्याने वाचण्याची वेळ त्या यंत्राने माझ्यावर एकदाच आणली. टिंब मला दिसले होते. मला ते वाटले तसे मी वाचले, आणि शंका आली नाही. शंका येणे हे माझ्या स्वभावात नाही, हे तू जाणतोस.

तू विचारले होतेस. आज केबिनमध्ये उभा असताना मला तुझा आवाज स्वच्छ ऐकू आला, वायरलेसच्या खरखरीसकट.

"दादा, हा आकडा आतल्या अंगाचा, किनाऱ्याकडचा येतोय. तू बाहेरच्या उताराला होतास ना? परत बघून सांग."

मी म्हणालो, "मला आकडे शिकवतोस? सांगितला तोच. नीघ लवकर!"

तू म्हणालास, "दादा, फक्त एकदा परत वाच."

माझ्या गुडघ्यापर्यंत पाणी होते. मुलगा पंप मारत होता. त्याने वर पाहून म्हटले, "बाबा, वाचा ना परत." आणि मी वायरलेसचे बटण सोडून दिले.

एकदा परत वाचले असते, तर तू टिंब विचारले असतेस.

माझ्यापासून नऊ मैलांवर असलेल्या भावाला मी माझ्या तोंडाने आणखी बारा मैल दूर पाठवले. परक्या नौकेने मला उचलून धक्क्यावर आणले तेव्हा तू सांगत होतास, "दादा, मी तू सांगितलेल्या जागेवर तीन तास फिरलो, तिथे कोणी नव्हतं." आणि मी दोनशे माणसांसमोर तुला खोटारडा म्हणालो. मी म्हणालो, तुला जाळे ओढून घ्यायचे होते, पुतण्याहून मासा मोठा वाटला.

अक्षर बिघडत आहे. थांबतो.

२१ सप्टेंबर

चि. भावास,

परवाचे पत्र पेटीत टाकले नव्हते. हे त्यासोबतच जाईल.

दोन दिवस मी जेवलो नाही, असे सूनबाई म्हणते. मला वाटते जेवलो असेन. आज सकाळी तिने ताट पुढे ठेवले आणि समोर बसली. मी तिला म्हणालो, "तुला एक सांगायचे आहे. तुझ्या नवऱ्यास मी..." तिने मला वाक्य पुरे करू दिले नाही.

"मला माहीत आहे, बाबा."

"वॉरंटीने सांगितले म्हणून."

"त्याच्या आधीपासून. नऊ वर्षांपासून."

छत डोक्यावर कोसळले असते तरी मी इतका हबकलो नसतो.

नौका बुडाली त्या महिन्याच्या अखेरीस मी धक्क्यावर तुझ्याविरुद्ध बोलावयास गेलो होतो, तेव्हा तू मागच्या दाराने घरी आलास. तू तिला विचारलेस, दादाने वाचला तो आकडा कुठे लिहिलेला आहे का. तिने तुला वही दाखवली, आणि पत्र्याचा डबाही काढून दिला. तू ते यंत्र लावलेस, पाहिलेस आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खालीच बसलास. तिने पाणी दिले ते तू प्यायला नाहीस. सेल काढून खिशात घातलेस. आणि म्हणालास, "दादाला सांगू नकोस. माझ्यावर चिडून तो उभा राहील. हे कळलं तर तो उठायचा नाही."

दुसऱ्या आठवड्यात तू नौका विकून हे बंदर सोडलेस. मी लोकांना म्हणालो, बघा, चोराच्या मनात चांदणे.

ती नऊ वर्षे माझ्या पानात वाढत होती. माझी औषधे मोजून देत होती. मी जेवताना तुला शिव्या देत असे आणि ती आमटीचे भांडे उचलून आत जात असे. मला वाटे, तिलाही तुझा राग येतो.

मी विचारले, "माझा राग नाही आला तुला?"

"पहिली दोन वर्षं तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही झोपलात की तुमच्या उशाशी उभी राहायचे. उठवावं आणि सांगावं, असं वाटायचं. मग काकांचा तो चेहरा आठवायचा. ते बिनदोषाचे, आणि सगळं घेऊन निघून गेले. मी काय, एक गप्प बसणंही जमवू नये?"

"मग आता मला पत्र का लिहावयास लावलेस?"

"बोट माझी आहे. चार माणसं माझ्या भरवशावर बाहेर जाणार. त्यांच्या यंत्रावर मला हात पाहिजे तो काकांचा. दुसऱ्या कुणाचा नको. तो डबा काढा असं मी म्हटलं नव्हतं, बाबा. मी तर फेका म्हटलं होतं." मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय?"

तुझ्या पहिल्या मुद्द्याखालच्या दोन रेघा मी आज पुन्हा पाहिल्या. मला शिकवण्यासाठी त्या मारलेल्या नव्हत्या. तू नऊ वर्षे ते एकच वाक्य जवळ बाळगून होतास आणि विचारल्यावरही तेवढेच लिहिलेस, एक शब्द जास्त नाही. मी तुला "अन्य मजकूर नको" असे लिहिले होते.

मला वाटत होते मी तुला शिक्षा केली. तू ती माझ्या वाटची भोगत होतास.

३० सप्टेंबर

चि. भावास, अनेक आशीर्वाद. (देण्याचा अधिकार उरला असेल तर.)

चौथीत आमचे गुरुजी म्हणत, चूक जेथे केली तेथेच खोडावी, समासात नव्हे. त्याप्रमाणे मी काल सकाळी धक्क्यावरच्या माशांच्या लिलावाच्या शेडमध्ये गेलो. जेथे उभा राहून तुला बोललो होतो, त्याच खांबापाशी, बर्फाच्या पेटीवर उभा राहिलो. सूनबाईने माझा हात धरला होता, कारण पेटी ओली होती. लिलाव पुकारणारा थांबला. मी म्हणालो:

"नऊ वर्षांपूर्वी मी येथे माझ्या भावास खोटारडा म्हणालो. तो सांगितलेल्या जागी गेला होता. जागा मी चुकीची सांगितली. त्याने दोनदा परत विचारले. मी परत वाचले नाही. माझा मुलगा माझ्या चुकीने गेला. ही दुरुस्ती सर्वांनी नोंदवून घ्यावी."

मी रात्रभर हे पाठ केले होते. वाटले होते, लोक दगड मारतील अथवा रडतील. कोणी काहीच केले नाही. कोळंबी निवडणारी ती म्हातारी, जी तुला लहानपणी कानाला धरून घरी आणत असे, ती तेवढी ओरडली, "आता सांगतोस होय रे? तो गेला तेव्हा जीभ काय गहाण होती?" मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "उतर खाली, पडशील. आणि लिलाव चालू करा रे, बर्फ वितळतोय!"

लिलाव सुरू झाला. मी खाली उतरलो. कोणीतरी मला बसावयास टोपली उलटी करून दिली.

नंतर सोसायटीत जाऊन चौकशीच्या कागदास माझे लेखी निवेदन जोडले. वहीतल्या पुराव्यावर आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली. आकडा खोडला नाही. तो तसाच दिसावा.

क्षमा मागण्याची रीत मला येत नाही, आणि मागितली तरी तिने काय परत येणार आहे? तू मात्र एक भाकीत चुकलास. तू म्हणाला होतास, कळले तर दादा उठायचा नाही. मी उठलो आहे. अवघडून, पण उठलो आहे. कारण एक काम शिल्लक आहे आणि ते मला येत नाही.

नौका पंधरा तारखेला पाण्यात उतरेल. वॉरंटीने सगळी यंत्रे बसवली आहेत, परंतु सूनबाई त्याच्या शब्दावर दोर सोडू देत नाही. तिचे म्हणणे, सर्व पडद्यांवर अंश-मिनिटांची पद्धत काका स्वतः तपासतील, पिवळा डबा काका बांधतील, मगच इंजिन सुरू होईल. मीही तिच्याकडून रोज संध्याकाळी दशांश अपूर्णांक शिकत आहे. कालच्या दहा उदाहरणांपैकी सात बरोबर आली. ती म्हणते, पाचवीत घालायला हरकत नाही.

तू येशील की नाही हे मी विचारत नाही. मी पंधरा तारखेस पहाट फुटल्यापासून धक्क्याच्या टोकाला, शेवटच्या लोखंडी खुंटापाशी उभा असेन. जागा कळवतो. अंश तुला पाठ आहेतच. पुढे नऊ मिनिटे, बारा सेकंद. आणि त्रेपन्न मिनिटे, चाळीस सेकंद. नव्या यंत्रावर मी वाचली, सूनबाईने वाचली, मग दोघांनी अदलाबदल करून पुन्हा वाचली.

तरीही शंका आली तर परत विचार. मी परत सांगेन. तू थांब म्हणेपर्यंत सांगत राहीन.

तुझा
दादा